नवी लादी, जुनी हाडे

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपती चार दिवसांवर आले होते. संध्याकाळची सर नुकतीच ओसरली होती आणि मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. एवढ्यात एक रिक्षा दारात येऊन थांबली. चौघांनी मिळून एका आजींना अलगद खाली उतरवले. त्यांच्या वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. पाखाडीच्या साठ-सत्तर पायऱ्या त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी खुर्चीचे पाय धरून, भर पावसात खाली आणले होते.

आजींचे वय सत्त्याहत्तर. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. एक्स-रे काढायच्या आधीच निदान स्पष्ट होते. खुब्याचे हाड मोडले होते.

कसे झाले म्हणून विचारले, तेव्हा आजींच्या आधी त्यांचा मुलगा बोलला. तो मुंबईला नोकरीला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत येऊन त्याने ओटीला आणि माजघराला नवी गुळगुळीत लादी बसवून घेतली होती. आरशासारखी चकचकीत. आईला आता सारवायला नको, गणपतीत पाहुण्यांपुढे घरही शोभून दिसेल, असा त्यामागे विचार. त्या दुपारी आजी अंगणातून दुर्वा खुडून ओल्या पायांनी ओटीवर आल्या आणि पाय सरकला. मुलगा पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "डॉक्टर, आईसाठीच बसवली हो लादी."

त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मी आजींच्या पायाला आधार बांधला, वेदना कमी होण्याचे औषध दिले आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. वेळेत शस्त्रक्रिया झाली, हे त्यांचे भाग्य. पण त्या वर्षी घरातली आरती त्यांनी माजघरातल्या खाटेवर पडून ऐकली.

हा लेख त्या मुलासाठी आहे आणि त्याच्यासारख्या हजारो मुलामुलींसाठी आहे. थोड्या दिवसांत चाकरमानी गावाकडे निघतील. घराला रंग निघेल, साफसफाई होईल, मखर सजेल. त्याच धामधुमीत अर्धा दिवस काढून आपल्या आईवडिलांच्या नजरेने, किंबहुना त्यांच्या पायांनी, एकदा सगळे घर पाहून घ्यावे, एवढीच विनंती.

पडणे ही किरकोळ गोष्ट नव्हे

"म्हातारं माणूस, पडायचंच," असे आपण सहज बोलून जातो. हा समज आधी मनातून काढून टाकला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो आणि यात साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त असतात. पासष्टीच्या पुढच्या साधारण तीन माणसांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो.

पडून हाड मोडणे ही सुरुवात असते. खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला, ढुंगणाला जखमा होतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. लघवीत जंतुसंसर्ग होतो, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते. पूर्वी म्हणत, "खुबा मोडला आणि त्या दुखण्यातच गेली." खुबा मोडल्याने माणूस लगेच जात नसे, तो जाई अंथरुणाने. म्हणूनच आता अशी शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत करून रुग्णाला लवकरात लवकर उभे करण्याचा प्रयत्न असतो.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट जरा जास्तच लागू आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती. त्याच जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष मुंबईला आणि घर सांभाळायला मागे बाई, ही आपली जुनी रीत त्या आकड्यात दिसते. त्या बायकांची आता वये झाली आहेत. कित्येक घरांत दहा-अकरा महिने एकच म्हातारी किंवा एकच म्हातारे जोडपे असते. पडल्यावर हाक मारली तर ऐकायला शेजारचे घर दोन शेते पलीकडे.

दिव्याखाली अंधार

इतरांना शहाणपण शिकवण्यापूर्वी माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी आई माझ्याच घरात पडली. पावसाळ्याची रात्र होती, वीज गेली होती. ती लघवीला उठली. तिच्या खोलीच्या दाराशी एक पायपुसणे होते. ते मीच आणले होते. त्याची कड वर वळलेली होती, आणि रोज सकाळी ती ओलांडताना मला ती दिसतही होती. त्या कडेला अडखळून ती पुढच्या पुढे पडली आणि टेकलेल्या हाताचे मनगट मोडले.

प्लॅस्टर घालताना मी तिला विचारले, "आई, मला हाक का नाही मारलीस?"

"तुझी झोप मोडली असती. दिवसभर दमतोस."

पुढे बोलता बोलता कळले की त्याआधी ती दोनदा पडली होती. एकदा न्हाणीत, एकदा मागीलदारी. कोणाला सांगितले नव्हते. "सांगितलं असतं तर तू मला फिरू दिलं असतंस का? परसातल्या जास्वंदीला पाणी घालायचंसुद्धा बंद केलं असतंस."

ते खरेच होते. मी बंद केले असते.

हाच अनुभव मला रुग्णांकडून नेहमी येतो. वर ज्या आजींची गोष्ट सांगितली, त्याही जूनमध्ये एकदा त्याच लादीवर घसरल्या होत्या. मुलाला फोनवर बोलल्या नाहीत. कारण विचारले तर म्हणाल्या, "तो मला मुंबईला घेऊन गेला असता. दोन खोल्यांत मी करू काय? इथं माझं घर हाय." म्हाताऱ्या माणसाला पडण्यापेक्षा घर सुटण्याची भीती जास्त असते. म्हणून ती पडणे लपवतात, आणि पहिल्या पडण्यातून जे शिकायचे ते राहून जाते.

तेव्हा पहिला उपाय लादीचाही नाही आणि दांडीचाही नाही. पहिला उपाय म्हणजे आईवडिलांना मोकळेपणाने विचारणे, "गेल्या वर्षात कधी पडलात का? कुठे घसरल्यासारखं झालं?" आणि उत्तर 'हो' आले तर आरडाओरडा न करता, "मग त्या जागेचं आपण काहीतरी करू," असे म्हणणे. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्या पहिल्या पडण्याची बातमी आपल्याला मिळाली पाहिजे.

अंगणापासून सुरुवात करू

चला, आता अंगणातून घरात शिरू.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या पायऱ्या, अंगणात टाकलेले चिरे, विहिरीचा काठ, सगळीकडे शेवाळ धरते. पाऊस चालू असताना माणसे जपून चालतात. उघडीप मिळाली, ऊन पडले, वरून दगड सुकल्यासारखा दिसला, की घात होतो. शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडरीचे पाणी टाकून थोडा वेळ राहू द्यावे आणि तारेच्या ब्रशाने घासून धुवावे. हे काम पावसाळ्यात एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावे लागते. ब्लीचिंग पावडरीत ॲसिड किंवा दुसरे कोणतेही साफसफाईचे रसायन मात्र कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

अंगणातले जे चिरे डुगडुगतात ते पक्के बसवून घ्या. पायऱ्यांना एका बाजूला तरी कठडा हवा. लोखंडी पाइप उत्तम, पण नसेल तर चांगला जून बांबू दोन खांबांना बांधला तरी काम भागते. पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत ना, हेही पाहा. आपले पाय पहिल्या दोन पायऱ्यांवरून पुढच्या पायरीचा अंदाज बांधतात. मधलीच एखादी उंच किंवा बुटकी असेल तर तिथेच तोल जातो. शेवटच्या पायरीच्या कडेला पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना एकाच रंगाच्या दगडात पायरी कुठे संपते ते कळत नाही.

ओटी, माजघर आणि उंबरठा

आता लादीविषयी. सारवलेली जमीन सोडून लादी बसवण्यात काही वावगे नाही. वाकून सारवणे हे सत्तरीच्या बाईचे काम नव्हे. पण दुकानात लादी निवडताना तिची चमक पाहू नका. एका तुकड्यावर पाणी ओतायला सांगा आणि अनवाणी पायाने त्यावर उभे राहून पाहा. पाय सरकला तर ती लादी तुमच्या आईसाठी नाही. खरखरीत, मॅट पद्धतीची लादी मिळते. कोबा किंवा न घोटलेली शहाबादी फरशीही चांगली.

गुळगुळीत लादी आधीच बसवली असेल तर ती उखडायची गरज नाही. दोन कामे करा. ओटीवर चढण्यापूर्वी, म्हणजे पडवीतच, पाय पुसायची सोय करा. काथ्याचे जाड, जड पायपुसणे चांगले, पण ते सरकता कामा नये आणि त्याच्या कडा वळता कामा नयेत. पाय पुसताना धरायला तिथे खांब किंवा दांडी असावी, नाहीतर एका पायावर उभे राहतानाच तोल जाईल. दुसरे, दारापासून आत चालण्याच्या वाटेवर आणि पायरीच्या कडेला न घसरणाऱ्या चिकटपट्ट्या लावा. हार्डवेअरच्या दुकानात त्या मिळतात. जुने गोणपाट, साडीची घडी, घरी शिवलेली सुटी गोधडी जमिनीवर टाकू नका. त्या मायेच्या वस्तू असतात, पण लादीवर त्यांची घसरगुंडी होते.

उंबरठा काढून टाका असे मी सांगणार नाही. उंबरठ्याची पूजा होते, त्याला हळदकुंकू वाहिले जाते. पण त्यावर ठळक रंगाचा पट्टा जरूर ओढा आणि चौकटीला हाताशी येईल अशी एक मूठ बसवा. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे चपला, बादली, सूप काही ठेवू नका. टीव्हीची आणि मोबाइलच्या चार्जरची वायर चालण्याच्या वाटेत लोळत असेल तर ती भिंतीलगत घ्या.

बसण्याची आणि झोपण्याची उंचीही तपासा. खाटेवर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पुरती टेकावीत आणि गुडघे साधारण काटकोनात असावेत. बहुतेकांना त्यासाठी सतरा-अठरा इंच उंची पुरते. खाट बुटकी असेल तर तिच्या पायांखाली पक्के लाकडी ठोकळे ठेवा, पण ते निसटणार नाहीत असे खाचा पाडून. खुर्चीला हात असावेत. हलकी प्लास्टिकची खुर्ची लादीवर सरकते, तिच्यावर भार देऊन उठू नये.

रात्रीची वाट

घरातली सर्वांत धोक्याची वाट म्हणजे अंथरुणापासून संडासापर्यंतची. ती रात्री चालावी लागते, झोपेच्या गुंगीत, घाईघाईने आणि आपल्याकडे पुष्कळदा वीज नसताना. जुन्या घरांत संडास मागीलदारी, अंगण ओलांडून असतो.

आज रात्री एक प्रयोग करा. दिवे बंद करून आईवडिलांच्या अंथरुणावरून उठा आणि संडासापर्यंत चालत जा. किती ठिकाणी हात चाचपडतो ते मोजा. त्या प्रत्येक जागी काहीतरी करायला हवे.

अंथरुणावर झोपूनच हात पोहोचेल असे बटण असावे. वीज गेली तरी पेटते राहणारे बॅटरीचे बल्ब आता सर्वत्र मिळतात. एक खोलीत आणि एक मागच्या पडवीत लावा. उशाशी टॉर्च ठेवा, पण ती उशाखाली न ठेवता खाटेला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे शोधावी लागत नाही. संडास बाहेर असेल आणि पाऊस असेल तर रात्रीपुरते खोलीतच भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माझ्या आईने आधी नकार दिला होता. पुढे तीच म्हणाली, "आता पाऊस कितीही पडू दे."

आणि एक घंटा ठेवा. देवघरातल्या घंटेसारखी पितळी असली तरी चालेल. हाक मारायला संकोच वाटतो, घंटेला तेवढा वाटत नाही. एकट्या राहणाऱ्यांनी साध्या बटणांचा मोबाइल पिशवीत घालून गळ्यात किंवा कमरेला ठेवावा. फोन फळीवर आणि माणूस जमिनीवर, अशी स्थिती झाली तर त्या फोनचा उपयोग नाही.

न्हाणी आणि संडास

न्हाणीत पाणी, साबण आणि शेवाळ तिन्ही एकत्र येतात. जमीन खरखरीत असावी आणि आठवड्यातून एकदा तरी घासली जावी. अंघोळ बसूनच करावी, पण बुटक्या पाटावर नव्हे. पाटावरून उठणे गुडघ्यांना झेपत नाही. चार पायांना रबरी बूच असलेले, न हलणारे स्टूल घ्या. पाण्याची बादलीही उंच चिऱ्यावर ठेवा, म्हणजे प्रत्येक तांब्याला वाकावे लागणार नाही. साबण हातातून निसटला की माणूस तो पकडायला झेपावतो. साबण जाळीच्या पिशवीत घालून खुंटीला बांधला की ती झेप वाचते.

धरायची दांडी न्हाणीत आणि संडासात हवीच. टॉवेल टाकायची दांडी ही धरायची दांडी नव्हे. ती माणसाच्या वजनाने उपटून हातात येते. पाइप साधारण दीड इंच जाडीचा असावा, म्हणजे मूठ पुरती वळते. भिंत आणि पाइप यांत दीड-दोन इंच अंतर ठेवावे. मातीच्या किंवा जांभ्याच्या जुन्या भिंतीत साधे स्क्रू धरत नाहीत, तिथे आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी लावावी. दांडी कुठे बसवायची ते गवंड्याने ठरवू नये. आईला प्रत्यक्ष तिथे बसवा, उठायला सांगा, हात आपोआप जिथे जाईल तिथे खडूने खूण करा. दांडी बसली की धट्ट्याकट्ट्या माणसाने आधी तिला लोंबकळून पाहावे.

जमिनीवरच्या संडासात उकिडवे बसून उठताना गुडघे साथ देत नाहीत आणि चक्करही येते. जमत असेल तर कमोड बसवा. खर्च नको असेल तर भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली मजबूत खुर्ची मिळते. दाराला आतून कडी घालू नये अशी घरात सवय लावा. त्याऐवजी बाहेर खुंटीला रंगीत फडके लावायचे, म्हणजे आत कोणीतरी आहे. दार शक्यतो बाहेरच्या बाजूला उघडणारे करा. माणूस आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते. अशी दारे फोडून माणसे बाहेर काढलेली मी पाहिली आहेत.

स्वयंपाकघराबाबत एकच नियम पुरे. रोजची वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर असावी. लोणच्याची बरणी माळ्यावर आणि माळ्यावर चढायला स्टूल, ही जोडी मोडून काढा.

घराइतकेच शरीरही तपासा

घर कितीही सुधारले तरी चक्कर आली तर माणूस पडणारच. डॉक्टरांकडे नेल्यावर नुसते बसवून रक्तदाब पाहू नका. आधी आडवे किंवा बसवून आणि मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर चक्करेचे कारण सापडले म्हणून समजा. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या यांनी तोल जाऊ शकतो. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र हा लेख वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी कमी पिणे चुकीचे आहे, त्यानेही रक्तदाब उतरतो. गणपतीच्या आदल्या दिवशी हरितालिकेचा निर्जळी उपवास करणाऱ्या सत्तरीच्या आज्या आपल्याकडे घरोघरी आहेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारीने तर हा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. देवाला तुमचा भाव पुरेसा आहे.

डोळे वर्षातून एकदा तपासावेत, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. झिजलेली रबरी स्लिपर फेकून द्यावी आणि टाचेला पट्टा असलेली चप्पल घ्यावी. काठीची मूठ, हात सरळ सोडला असता मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि तिच्या टोकाचे रबरी बूच झिजले की बदलावे. सर्वांत महत्त्वाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणे आणि बसणे. सुरुवातीला हाताचा आधार घेऊन पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. पुढे हळूहळू वाढवावे. मांड्यांत ताकद असेल तर सरकलेला पायही सावरतो. पडण्याच्या भीतीने बसून राहिले की तीच ताकद जाते, म्हणून "तू काही करू नकोस, बसून राहा" हा सल्ला मायेचा असला तरी घातक आहे.

पडल्यावर काय करावे

धावत जाऊन काखेत हात घालून ओढू नका. आधी विचारा, कुठे दुखते? पाय आखूड दिसतो का, बाहेर वळला आहे का, खुब्यात कळ येते का ते पाहा. तसे असेल तर उभे करू नका, चोळू नका, मालीश तर मुळीच नको. पायाला दोन्ही बाजूंनी उशांचा आधार द्या, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. वाडीतून रस्त्यापर्यंत न्यायचे असेल तर खुर्चीपेक्षा फळीवर किंवा काढलेल्या दारावर आडवे झोपवून न्यावे. शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून पोटभर खायला घालू नये. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठणठणीत दिसला तरी रुग्णालयात दाखवलेच पाहिजे.

काही मोडलेले नसेल तर स्वतः उठण्याची रीत अशी: कुशीवर वळा, हातापायांवर या, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर टेका, बळकट पाय पुढे रोवा, उठा आणि वळून बसा. ही रीत आईवडिलांना धडधाकट असतानाच एकदा करून दाखवा.

या गणपतीत एवढे तरी करा

१. पायऱ्या आणि अंगणातले शेवाळ घासून काढा, कठडा बांधा.
२. सुटी पायपुसणी आणि गोधड्या जमिनीवरून उचला.
३. उंबरठा आणि पायऱ्यांच्या कडांना रंगाचा पट्टा मारा.
४. रात्रीच्या वाटेवर वीज गेली तरी चालणारा दिवा लावा.
५. न्हाणीत आणि संडासात पक्की दांडी बसवा.
६. शेजारच्या एका घरी किल्ली आणि तुमचा फोन नंबर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी आईला फोन करा. उचलला नाही तर शेजाऱ्याने जाऊन पाहायचे, असे ठरवून ठेवा.

हे सगळे एका चांगल्या मखराच्या खर्चात बसते. मात्र एक पथ्य पाळा. त्यांना विचारल्याशिवाय काहीही हलवू नका. म्हातारी माणसे घरात डोळ्यांपेक्षा पायांच्या आणि हातांच्या ओळखीने चालतात. चाळीस वर्षे जिथे पेटी होती तिथून ती तुम्ही हौसेने हलवली, तर अंधारात त्यांचा आधाराचा हात रिकाम्या हवेत जाईल.

मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन २०२१ पासून आहे. काठी, वॉकर, चष्मा, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी गरीब ज्येष्ठांकरिता केंद्राने २०१७ मध्ये आणि राज्याने २०२४ मध्ये वयोश्री योजना सुरू केल्या. त्यांची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

जाता जाता त्या आजींविषयी. गेल्या आठवड्यात त्या तपासणीला आल्या होत्या. हातात वॉकर, सोबत मुलगा. लादी तशीच आहे, पण तिच्यावर दारापासून देवघरापर्यंत खरखरीत पट्ट्या आल्या आहेत, पडवीच्या खांबाला दांडी बसली आहे आणि पाखाडीला वाडीतल्या सगळ्यांनी मिळून पाइपचा कठडा केला आहे. मुलाने आईला मुंबईला नेण्याचा विषय काढला नाही, हे आजींनी मला मुद्दाम सांगितले. मग हळूच म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात न्हाणीत जरा पाय सरकला होता. मीच त्याला फोन करून सांगितलं."

मुलगा हसला. न्हाणीतली दुसरी दांडी त्याने परवाच बसवली आहे. यंदा आजी आरतीला देवघरासमोर उभ्या राहणार आहेत, एक हात दांडीवर ठेवून.